हॉगवीड ओळखायचं कसं: खोड, पान, छत्रीच्या काड्या आणि दाणा

ब्रिटन, जर्मनी, पोलंड किंवा कॅनडात राहणाऱ्यांना जून-जुलैत नदीकाठी फिरताना एक वनस्पती दिसते. माणसापेक्षा उंच, मनगटाहून जाड खोड, आणि वर पसरट पांढऱ्या फुलांची मोठीच्या मोठी छत्री. हे जायंट हॉगवीड. त्याचा रस अंगाला लागला आणि त्यावर ऊन पडलं की दोन दिवसांत भाजल्यासारखे फोड येतात. अडचण अशी की त्याच काठावर त्याची साधी भावंडंही वाढतात, तीही पांढरी, छत्रीवाली आणि केसाळ. मग दोन्हीकडून चूक होते. कुणी खऱ्या जायंटला साधं समजून पोरांना त्याच्या पोकळ खोडाची पुंगळी करून देतं. कुणी साधं, मूळचं तिथलंच झाड राक्षसी समजून उपटून टाकतं, आणि त्या फुलांवर जगणाऱ्या माश्या-भुंग्यांचं खाणं जातं.

आधी थोडी भाषा ठरवून घेऊ. ही सगळी कोथिंबीर, गाजर, ओवा, शेपू, बडीशेप यांच्या कुळातली झाडं. वाफ्यात राहून गेलेली कोथिंबीर फुलावर आली की कशी दिसते ते डोळ्यांसमोर आणा: एका टोकातून चहूबाजूंना काड्या निघतात आणि प्रत्येक काडीच्या टोकाला पुन्हा छोटी छत्री असते. पुढे ‘काड्या’ म्हणजे मोठ्या छत्रीच्या या पहिल्या काड्या. ‘दाणा’ म्हणजे फळाचा अर्धा भाग. धना चोळला की त्याचे दोन भाग होतात, तसंच इथेही होतं, फक्त हॉगवीडचा दाणा गोल नसून पापडासारखा चपटा असतो.

या गणाचं शास्त्रीय नाव हेराक्लियम, ग्रीक वीर हेराक्लीसवरून आलेलं. पाच नावं लक्षात ठेवली तर बहुतेक सगळं काम भागतं. साधं हॉगवीड, म्हणजे हेराक्लियम स्फाँडिलियम, युरोपचं मूळचं. जायंट, म्हणजे हेराक्लियम मँटेगाझियानम, कॉकेशसच्या डोंगरातलं. सोस्नोव्स्कीचं हॉगवीड, तेही कॉकेशसचं. पर्शियन हॉगवीड, म्हणजे हेराक्लियम पर्सिकम. आणि उत्तर अमेरिकेचं मूळचं हेराक्लियम मॅक्सिमम, ज्याला तिकडे काऊ पार्स्निप म्हणतात.

जायंट ब्रिटनमध्ये शोभेचं झाड म्हणून आलं. लंडनच्या क्यू उद्यानाच्या बियांच्या यादीत त्याची नोंद 1817 ची आहे, आणि 1828 मध्ये केंब्रिजशायरमध्ये ते बागेबाहेर वाढलेलं सापडलं. सोस्नोव्स्की वेगळ्या वाटेने पसरलं. सोव्हिएत काळात जनावरांच्या मुरघासासाठी त्याची शेती झाली, आणि आज रशिया, बाल्टिक देश, बेलारूस, पोलंड इथल्या पडीक शेतांत त्याची रानं माजली आहेत. पर्शियन नॉर्वेच्या उत्तरेला स्थिरावलं. ट्रॉम्सो शहरात लोक त्याला ‘ट्रॉम्सोचा पाम’ म्हणतात. हा इतिहास ओळखीला उपयोगी पडतो. स्कॉटलंडच्या ट्वीड नदीकाठी उंच हॉगवीड दिसलं तर आधी जायंट धरा, लिथुआनियात दिसलं तर आधी सोस्नोव्स्की, ट्रॉम्सोत दिसलं तर पर्शियन. फिनलंड-डेन्मार्कसारख्या ठिकाणी एकाहून जास्त जाती सापडतात. तिथे मात्र जागेवरून ठरवू नका, झाड नीट बघा.

बघण्याआधी

हात लावून ओळखायचं नाही. पान चोळून वास घेणे, खोड मोडून पोकळ आहे का पाहणे, या वनस्पतिशास्त्राच्या चांगल्या सवयी इथे अंगाशी येतात. लागणारं सामान थोडंच: मोबाइलचा कॅमेरा, मीटरभर लांब काठी जिच्यावर दर 10 सेंटिमीटरला खूण केली आहे, आणि दाणे तपासायचे असतील तर दसपट भिंग. झुडपात शिरायचंच असेल तर लांब बाह्या, लांब पँट आणि रबरी किंवा नायट्राइलचे हातमोजे. कापडी हातमोजे वापरू नका. ते रस शोषून घेतात आणि तोच रस कातडीला चिकटवून ठेवतात.

उंचीवरून सुरुवात करू नका

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. जायंट साधारण 2 ते 5 मीटर वाढतं, साधं हॉगवीड अर्धा ते 2 मीटर. कागदावर फरक मोठा आहे, पण जागेवर दोन गोष्टी घात करतात. पहिली, जायंट फुलायला साधारण तीन ते पाच वर्षं घेतं आणि तोवर ते केवळ जमिनीलगतचा पानांचा झुबका असतं. दुसरी, रस्त्याकडेला यंत्राने कापलेलं जायंट पुन्हा फुटतं आणि गुडघ्याएवढ्या उंचीवरच फुलतं. उलट सावलीतल्या सुपीक ओढ्याकाठी साधं हॉगवीड माणसाच्या डोक्यावर जातं. चार मीटरचं झाड असेल तर उंची पुरेसा पुरावा आहे. दोन मीटरच्या आत असेल तर उंची सोडून द्या.

खोड

जायंटचं खोड बुंध्याशी 5 ते 10 सेंटिमीटर जाड असतं. हिरव्यावर गडद जांभळे ठिपके आणि डाग, आणि त्यावर पांढरे ताठ केस. केस सगळीकडे सारखे नसतात. पानाचा देठ खोडाला जिथे मिळतो तिथे त्यांचं दाट कडं असतं, आणि दहा फुटांवरून कॅमेऱ्याने जवळ ओढून पाहिलं तरी ते दिसतं.

साध्या हॉगवीडचं खोड बोटाएवढं, फार तर अंगठ्याच्या दुप्पट. त्यावर उभ्या खोल धारा असतात आणि केस सगळीकडे पसरलेले. ते अनेकदा जांभळटही होतं, पण हा रंग धुरकट, सलग आणि बहुतेक उन्हाच्या बाजूला असतो. जायंटसारखे स्पष्ट ठिपके नसतात. ‘जांभळं दिसलं म्हणजे जायंट’ हा नियम म्हणूनच फसवा. विचारायचं ते असं: रंग ठिपक्यांचा आहे की पसरलेला?

पर्शियनमध्ये बुंधाच पूर्ण जांभळा असतो, ठिपके-ठिपके नव्हे. शिवाय एकाच गड्ड्यातून अनेक खोडं उभी राहतात, कारण ते फुलल्यावर मरत नाही. जायंट आणि सोस्नोव्स्की मात्र एकदाच फुलतात, बी टाकतात आणि संपतात, म्हणून त्यांच्या एका झाडाला बहुधा एकच फुलणारं खोड असतं. काऊ पार्स्निपचं खोड धारांचं, मऊ बारीक लवेचं, आणि ठिपके नसलेलं.

पान

फुलं वर्षातून काही आठवडेच असतात. एप्रिल-मे महिन्यात, जेव्हा लोक बाग साफ करायला निघतात आणि रस अंगावर उडतो, तेव्हा समोर फक्त पान असतं. म्हणून पानावर सगळ्यात जास्त वेळ द्या.

जायंटचं पान रुंदीला मीटरभर किंवा जास्त, देठासकट दोन-अडीच मीटरपर्यंत लांब. काठ खोलवर फाटलेला, प्रत्येक फाळ टोकदार, आणि त्यावर पुन्हा करवतीसारखे अणकुचीदार दाते. वरचा भाग गुळगुळीत आणि थोडा चकाकणारा. लांबून पान फाडून ठेवल्यासारखं दिसतं.

साध्याचं पान मंद हिरवं, खरखरीत, लांबीला बहुतेकदा अर्ध्या मीटरच्या आसपास. ते सुट्या पर्णिकांचं असतं, साधारण पाच ते सात, एका मधल्या देठावर समोरासमोर आणि टोकाला एक. पर्णिकांचे फाळ गोलसर. मात्र याच्या पानाचा आकार कमालीचा बदलतो. अरुंद, लांबुळक्या पर्णिकांची झाडंही सापडतात आणि नवख्या माणसाला ती वेगळीच जात वाटते. अशा वेळी त्याच झाडाची खालची तीन-चार पानं पाहा. वरची लहान पानं सगळ्याच जातींत टोकदार दिसतात, त्यांच्यावरून निर्णय घेऊ नका.

जायंट आणि सोस्नोव्स्की वेगळं करायचं असेल तर पानच खरं साधन. सोस्नोव्स्कीच्या पानाचे फाळ तेवढे खोल जात नाहीत, आखूड आणि बोथट-गोलसर असतात, दाते बुटके. जायंटचा फाळ लांब निमुळता होत जातो. पर्शियनचे फाळही बोथटच, पण तिथे जांभळा बुंधा आणि अनेक खोडं मदतीला येतात. चुरगळलेल्या पर्शियनला बडीशेपेच्या जवळचा वास येतो. तो घेण्यासाठी पान तोडायची गरज नाही, माजलेल्या झुबक्याजवळ गरम दुपारी तो आपोआप येतो. काऊ पार्स्निपच्या पानाच्या मागे मखमली लव असते आणि ते तीन मोठ्या भागांत विभागलेलं असतं.

रोपं अगदी कोवळी असतील, मार्च महिन्यातली, दोन-तीन गोलसर दातेरी पानांची, तर पानावरून कोणतीही जात ठरवायला जाऊ नका. आजूबाजूला गेल्या वर्षीचे वाळके दांडे शोधा. जायंटचा वाळलेला दांडा हिवाळाभर उभा राहतो आणि त्याच्या टोकाला छत्रीचा सांगाडा असतो. त्यावर काड्या मोजता येतात. पायथ्याची रोपं कोणाची, याचं उत्तर तिथे मिळतं.

छत्री आणि काड्या

मोजता येणारी खूण म्हणून ही सगळ्यात भरवशाची, फक्त मोजायची कशी ते महत्त्वाचं. झाडाला अनेक छत्र्या असतात. मोजायची ती मुख्य खोडाच्या टोकावरची, सर्वांत मोठी. बाजूच्या फांद्यांवरच्या छत्र्यांत काड्या कमी असतात, आणि त्या मोजल्या तर जायंटही साधं ठरेल. खालून फोटो काढा, कारण वरून फुलांनी काड्या झाकलेल्या असतात. फोटोवर छत्रीचे चार भाग करून एका भागातल्या काड्या मोजा आणि चारने गुणा.

जायंटमध्ये 50 ते 150 काड्या, छत्रीची रुंदी 80 सेंटिमीटरपर्यंत. सोस्नोव्स्कीमध्ये साधारण 30 ते 75. पर्शियनमध्ये बहुधा 30 ते 50, कधी त्याहून जास्त, आणि छत्री ठळकपणे फुगीर, घुमटासारखी. जायंटची त्यामानाने सपाट किंवा किंचित उंचावलेली. साध्या हॉगवीडमध्ये बहुतेकदा 12 ते 25 काड्या आणि रुंदी 20 सेंटिमीटरच्या आसपास. काऊ पार्स्निपमध्ये 15 ते 30, कधी 45 पर्यंत, आणि छत्री 30 सेंटिमीटरच्या आत.

म्हणजे 80 मोजल्या तर ते साधं किंवा काऊ पार्स्निप नाही, 20 मोजल्या तर नीट वाढलेलं जायंट नाही. 40 च्या आसपास आकडा आला तर चार शक्यता राहतात: सोस्नोव्स्की किंवा पर्शियन, कापून पुन्हा फुटलेलं जायंट, संकर, किंवा उत्तर अमेरिकेत भरघोस काऊ पार्स्निप. ब्रिटनमध्ये जायंट आणि साधं शेजारी वाढतात तिथे त्यांचा संकर सापडतो. तो सगळ्या बाबतींत मधला असतो. त्याची ओळख पटते ती ऑगस्टमध्ये, कारण त्याचे दाणे बहुतेक भरतच नाहीत. भरगच्च छत्री आणि पोचट, सुरकुतलेले दाणे दिसले तर संकराचा संशय घ्या.

फुलांच्या रंगावर फार विसंबू नका. सगळ्यांची फुलं पांढरी, कधी गुलाबी झाक असलेली. अपवाद साध्या हॉगवीडच्या पूर्वेकडच्या उपजातीचा, सिबिरिकम नावाच्या. तिची फुलं हिरवट-पिवळी असतात आणि कडेच्या फुलांच्या बाहेरच्या पाकळ्या मोठ्या होत नाहीत. बाकी हॉगवीडमध्ये छत्रीच्या कडेच्या फुलांच्या बाहेरच्या पाकळ्या मधल्यांपेक्षा ठळक मोठ्या आणि दुभंगलेल्या असतात.

दाणा

ऑगस्ट-सप्टेंबरात शंका उरली असेल तर वाळलेला, पडलेला दाणा हातमोजे घालून उचला आणि भिंगाखाली धरा. चपट्या, लंबगोल दाण्याच्या बाहेरच्या बाजूला चार गडद रेषा वरून खाली येतात, आतल्या बाजूला दोन. या तेलाच्या नळ्या. त्यांचं खालचं टोक बघा. साध्या हॉगवीडमध्ये ते बारीक, 0.3 ते 0.4 मिलिमीटर. जायंटमध्ये ते फुगलेलं, थेंबासारखं, 0.6 ते 1 मिलिमीटर. फूटपट्टीच्या मिलिमीटरच्या दोन रेषांशेजारी दाणा ठेवून फोटो काढला तर भिंगाविनाही हे दिसतं. कापलेल्या, बुटक्या झाडांच्या बाबतीत उंची, काड्या आणि पानाचा आकार सगळं फसवतं, पण दाण्याची ही खूण टिकते.

पर्शियन हॉगवीडचे दाणे इराणी स्वयंपाकात ‘गोलपर’ या नावाने डाळिंबावर आणि उकडलेल्या बाकल्याच्या दाण्यांवर भुरभुरतात, इराणी दुकानांत ते मिळतात. पाकिटावर कित्येकदा अँजेलिका असं चुकीचं नाव असतं. भिंगाखाली चपटा दाणा आणि चार नळ्या दिसल्या की आत हॉगवीड आहे ते कळतं. नदीकाठचे दाणे मात्र मसाला म्हणून गोळा करू नका. ते कोणत्या जातीचे याची खात्री दाण्यापुरती होत नाही.

दुसरी छत्रीवाली झाडं

हॉगवीड समजून गाठ पडते ती बहुतेक तिघांशी. अँजेलिकाचं खोड गुळगुळीत, छत्री जवळजवळ चेंडूसारखी गोल, पानाच्या देठाचा तळ पिशवीसारखा फुगलेला. रानटी पार्स्निपची फुलं पिवळी, आणि त्याच्या रसानेही फोड येतात. तिसरं हेमलॉक, आणि याचा धोका वेगळाच. त्याच्या खोडावर जायंटसारखेच जांभळे ठिपके असतात, पण खोड पूर्ण गुळगुळीत, एकही केस नाही, आणि पान गाजराच्या पाल्यासारखं बारीक चिरलेलं. हेमलॉक पोटात गेलं तर जीव जातो. ठिपके दिसले की लगेच केस आहेत का पाहा. छत्रीवालं कोणतंही रानटी झाड चाखून ओळखायचं नाही.

भाजतं कशाने, आणि लागलं तर काय

रसात फ्युरानोकुमारिन गटाची द्रव्यं असतात. नुसती लागून ती काही करत नाहीत, उन्हातले अतिनील किरण मिळाले की कातडीच्या पेशी जाळतात. आपल्याकडे बावचीचं बी कोडाच्या पांढऱ्या डागांवर लावून ऊन घेण्याची जुनी पद्धत आहे. त्या बियांतलं सोरालेन हे याच गटातलं. औषधात ते मोजून-मापून वापरतात, नदीकाठी ते मोजमापाविना अंगावर येतं.

रस लागल्याचं कळताच झाकून सावलीत जा आणि साबण व थंड पाण्याने धुवा. उन्हाला संवेदना 15 मिनिटांतच सुरू होऊ शकते आणि अर्ध्या ते दोन तासांत ती सर्वांत तीव्र होते. धुतल्यावरही तो भाग 48 तास उन्हापासून झाकून ठेवा. गफलत होते ती इथेच. लागताना काही दुखत नाही, म्हणून लोक तसेच उन्हात फिरतात आणि फोड दुसऱ्या दिवशी येतात. सावळ्या कातडीवर सुरुवातीची लाली चटकन दिसत नाही, म्हणून दिसेपर्यंत थांबू नका. नंतरचा काळा डाग महिनोन् महिने राहतो. डोळ्यात गेलं तर भरपूर पाण्याने धुऊन डॉक्टरकडे जा. घामाने ओली कातडी अधिक भाजते. आणि साधं हॉगवीड किंवा काऊ पार्स्निप निघालं म्हणून बेफिकीर होऊ नका, तेही भाजतं, फक्त कमी. गवत कापायच्या फिरत्या तारेच्या यंत्राने कापताना उडणारे तुषार या दोघांचेही त्रास देतात.

ओळख पटल्यावर

जायंट, सोस्नोव्स्की, पर्शियन हा फरक कातडीला कळत नाही, तिघंही सारखेच वाईट. फरक पडतो तो ते काढताना. जायंट आणि सोस्नोव्स्की एकदा फुलून मरतात, त्यामुळे मूळ जमिनीखाली 10 ते 15 सेंटिमीटरवर फावड्याने तोडलं तर झाड संपतं. नुसत्या छत्र्या लवकर छाटल्या तर ते पुन्हा छत्र्या काढतं. बी धरू लागल्यावर छाटल्या तर पडलेल्या छत्रीवरही बी पिकतं, म्हणून ती तिथे टाकून येऊ नका. पर्शियन बहुवार्षिक, एका हंगामात काढून ते संपत नाही, दुसऱ्या वर्षी त्याच जागी परत जावं लागतं.

नोंद द्यायची असेल तर सहा फोटो पुरतात: काठीसकट पूर्ण झाड, बुंधा, देठ-खोडाचा सांधा, खालचं एक पान वरून आणि शक्य तर मागून, मुख्य छत्री खालून, आणि दाणे. युरोपीय संघाच्या आक्रमक जातींच्या यादीत पर्शियन आणि सोस्नोव्स्की 2016 पासून आहेत, जायंट 2017 पासून. ब्रिटनमध्ये जायंट रानात लावणं किंवा वाढवणं कायद्याने गुन्हा आहे. त्यामुळे स्थानिक परिषदेला किंवा पर्यावरण खात्याला फोटो पाठवले की दखल घेतली जाते. भाड्याच्या घराच्या बागेत सापडलं तर स्वतः उपटू नका, आधी घरमालकाला लेखी कळवा.

आपल्या सह्याद्रीत हे राक्षसी पाहुणे नाहीत, पण त्यांचे नातलग आहेत. कासच्या पठारावर पावसाळ्याच्या शेवटी पांढरी छत्री घेऊन येणारा पंद पूर्वी हेराक्लियम कोंकणेन्स या नावानेच ओळखला जाई. त्याच्याही कडेच्या फुलांच्या बाहेरच्या पाकळ्या मोठ्या आणि दुभंगलेल्या असतात. सप्टेंबरात कासला गेलात तर वाटेवरूनच, हात न लावता, पंदाच्या काड्या मोजून पाहा. परदेशी नदीकाठी तो सराव उपयोगी पडेल.